घराचा हात एकच

संडासाला कडी लागली की आम्ही समजायचो, तपासणी आली. एरवी पॅकिंगच्या आम्ही बायका एकमेकींना दाराबाहेर राखणीला उभ्या करून आत जायचो. कडी बसवा, कडी बसवा म्हणून सांगताना माझ्या तोंडाला फेस आला होता. तपासणीच्या आधी मात्र एका दुपारी सुतार यायचा आणि गुपचूप कडी बसवून जायचा. साबण यायचा, हात पुसायला टॉवेल यायचा. एकदा तर आरसा आला होता. आम्ही त्यात आळीपाळीने तोंडं बघून घेतली, कारण तपासणी झाली की तो साहेबांच्या केबिनमध्ये जाणार हे ठरलेलं होतं.

महाडच्या एमआयडीसीत आमची फॅक्टरी तशी लहानच. कपडे रंगवायची निळी पावडर आम्ही बनवायचो आणि परदेशातली एक मोठी कंपनी ती घ्यायची. आपल्याला माल पुरवणाऱ्यांनी कसं वागावं याचे त्या कंपनीचे नियम होते, आणि तपासणी यायची ती त्यांचीच. गेटाजवळ त्यांची भली मोठी पाटी लावली होती, वर इंग्रजी आणि खाली मराठी. मी बारावी शिकलेली, म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवायचं काम सुपरवायझरने माझ्या गळ्यात घातलं. मराठी असं की वाचताना माझीच जीभ अडखळत होती. 'असुरक्षित वाटणारे काम नाकारण्याचा कामगारास अधिकार राहील व तसे केल्याबद्दल त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.' एवढं वाचलं आणि पुरुषांच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे उद्यापास्ना सगल्यांनी नाकारायचा आनि बिरवाडीच्या नाक्यावर भजी तलायची." सगळे हसले. सुपरवायझरही हसला. मला हसू आलं नाही, कारण माझा नवरा ड्रायरला होता.

ड्रायर म्हणजे भट्टीसारखी गरम खोली. ओला रंग पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरून तिथे वाळवायचा, मग ट्रे बाहेर ओढून खरवडायचे. खरवडताना पावडरीचा असा लोट उठायचा की समोरचा माणूस दिसत नसे. तोंडाला काय, तर घरून नेलेला रुमाल. चांगले मास्क होते, नाही असं नाही. ते स्टोअरच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले असत. तपासणीच्या सकाळी वाटायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. आमचे हे घरी आले की आंघोळ करूनसुद्धा कानामागे निळे असायचे. उशीचा अभ्रा निळा, खोकल्यावर थुंकी निळी. पहिली काही वर्षं मी त्यावरून चेष्टाही केली. पुढे पुढे हे बिरवाडीच्या आमच्या भाड्याच्या खोलीचा जिना चढताना मध्येच थांबायला लागले, आणि माझी चेष्टा बंद झाली.

आम्ही मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतले, आंबेनळीच्या रस्त्यावरून आत चालत जावं लागतं तिथले. भात आणि नाचणी यांवर पोट भरत नाही. अर्धी वाडी मुंबईला आणि उरलेली अर्धी बिरवाडीला. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून तर पावसाळ्यात वर झोपायलाच नको वाटतं. फॅक्टरीत आम्हाला आणलं ते ह्यांच्या धाकट्या चुलतभावाने. तो लेबर कॉन्ट्रॅक्टर. ड्रायरची सगळी माणसं त्याची, म्हणजे आमच्याच वाडीची, एकाच भावकीतली. पॅकिंगच्या बायका कुठून कुठून आलेल्या, त्यांत आमच्या वाडीच्या मोजक्याच.

मला फार काही नको होतं. ह्यांना ड्रायरमधून काढा आणि बाहेर कुठेही टाका. गेटावर बसवा, झाडांना पाणी घालायला लावा, गाड्या धुवायला लावा, पण काम राहू द्या. एवढंच मी दिराला सांगत होते. सणाला सांगितलं, पगाराला सांगितलं, रस्त्यात अडवून सांगितलं.

"वहिनी, माज्या हातात काय हाय?" तो म्हणायचा. "ड्रायरला मानूस टिकत नाय. दादा टिकतो म्हनून तर त्याला ठेवलाय."

"टिकतो म्हणून तिथंच मारायचा का त्याला?"

"तुज्या तोंडाला लगाम नाय," असं म्हणून तो गाडीला किक मारायचा. लगाम नव्हताच. माझा बापही हेच म्हणायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मोठी तपासणी येणार असं कळलं आणि दिराने गावकी बसवली. वाडीचं सगळं गावकीत ठरतं. पाण्याची पाळी असो, कोणाचं लग्न असो, नाहीतर कोणाची वाट कोणाच्या शेतातून जाते ते असो. देवळात पुरुष बसतात, घरटी एक. मुंबईचं मंडळ फोनवर, स्पीकर लावून. बायका बाहेर पायऱ्यांवर चहाची किटली धरून. मी पायरीवर बसून सगळं ऐकत होते.

दिराने जे सांगितलं ते खोटं नव्हतं. शेजारच्या एका फॅक्टरीत तपासणीच्या माणसाला कोणीतरी सगळं खरं सांगितलं होतं. परदेशातल्या कंपनीने नियम मोडले म्हणून माल घेणंच बंद केलं. कुलूप लागलं, आणि पलीकडच्या गावातली सगळी घरं बसली. कंपनीचे हात स्वच्छ राहिले आणि त्या घरांच्या चुली विझल्या. आपलं तसं व्हायला नको, असं दिराचं म्हणणं. गावकीतले मोठे, ह्यांचे चुलते, यांनी मान हलवली. "बाहेरच्याना इचारला तर जबाब एकच," ते म्हणाले. "सगला चांगला हाय. दुसरा अक्षर नाय."

मग देवीपुढे नारळ ठेवला आणि एकेका घराच्या पुरुषाने त्यावर हात ठेवला. हे उठले, मध्ये एकदा खांबाला धरून दम घेतला, आणि त्यांनीही हात ठेवला. मला पायरीवर बसल्या बसल्या डोक्यात तिडीक गेली. ज्याचा जीव चाललाय त्यालाच सगळं चांगलं आहे म्हणायला लावता? पण माझं कोण ऐकतंय. माझ्या हातात किटली होती आणि आतून चहाची हाक आली.

गावकीने पुरुषांची तोंडं बांधली आणि उठली. बाईला कोणी काही विचारेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कधी विचारलंच नव्हतं, तर येणार कुठून?

तपासणीला आली ती बाईच. पुण्याकडची असावी, पँट-शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोलणं गोड आणि स्वच्छ. आधी तिने पुरुषांना विचारलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, चांगलं आहे. ह्यांनीही सांगितलं, आणि सांगता सांगता खोकले. मॅडमने वहीतून डोकं वर काढून बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. मग ती सुपरवायझरला म्हणाली, "आता महिला कामगारांशी बोलायचंय. एकेकीशी, वेगळ्या खोलीत. आमच्या नियमात आहे तसं." सुपरवायझरचा चेहरा पडला. तो दिराला शोधायला धावला, पण दीर गेटाबाहेर टेम्पोपाशी होता.

माझी पाळी आली. छोटी खोली, दोन खुर्च्या, एक पंखा. मॅडमने पंखा माझ्याकडे वळवला. इतक्या वर्षांत त्या फॅक्टरीत माझ्या बाजूला कोणी पंखा वळवला नव्हता.

"ताई, तुमचं नाव कुठेही येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोललात म्हणून तुम्हाला कोणी त्रास देऊ शकत नाही. घरातलं आणखी कोणी इथे काम करतं का?"

मी म्हटलं, "माझा नवरा ड्रायरला आहे." आणि मग माझं तोंड थांबेना. मास्कचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं, उशीचं सांगितलं. जिन्यावर थांबतात ते सांगितलं. गावकीचं मात्र बोलले नाही, ते घरातलं. मी म्हटलं, "मॅडम, फॅक्टरी बंद करू नका. माल घ्यायचा थांबवू नका. फक्त ह्यांना तिथून काढून दुसरं काम द्यायला सांगा." मॅडमने सगळं लिहून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. जाताना तिने एक कार्ड दिलं, त्यावर फोन नंबर. बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं. देवीची शपथ मोडल्यासारखं तर मुळीच वाटलं नाही. माझा हात नारळावर नव्हता. कोणी ठेवायला बोलावलंच नव्हतं.

फॅक्टरी बंद झाली नाही. माझी ती भीती खोटी ठरली. उलट थोड्याच दिवसांत पांढरी गाडी आली, त्यात मशीन आणि डॉक्टर. ड्रायरच्या सगळ्या माणसांच्या छातीची तपासणी. नळीत फुंकायला लावलं, फोटो काढले. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी खोलीवर मटण आणलं. हे म्हणाले, "कशाला गो?" मी म्हटलं, "खा गुमान."

आठवड्याने दिराने ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं की उद्यापासून यायचं नाही. कंपनीचा नियम आला होता. ज्याची छाती खराब त्याला ड्रायरला ठेवायचं नाही. हे 'अनफिट' निघाले होते.

मी तशीच हातमोजे फेकून गेटावर गेले. "मग दुसरं काम द्या! बाहेरचं द्या!"

"जागा नाय, वहिनी."

"गेटावर बसवा."

"गेटावर एजन्सीची मानसा हायेत. मी काय करू? कंपनीच बोलते, आजारी मानूस ठेवू नका. तुमालाच पाहिजे होता ना?"

तो तसं म्हणाला तेव्हा मला कळलं की त्याला ठाऊक आहे. नाव कुठेही येणार नव्हतं, आणि आलंही नसेल. पण कागदावर 'नवरा ड्रायरला' एवढं आलं असणार, आणि ज्याची बायको पॅकिंगला आहे असा ड्रायरला माणूस एकच होता. तेवढ्याने काम भागतं.

मी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. आधी एक मुलगा हिंदीत बोलला. त्याने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की ती तक्रार बंद झाली आहे, सुधारणा पूर्ण. मी म्हटलं, बंद कशी झाली, माणूस घरी बसलाय. तो सॉरी म्हणाला. मग मी हट्टच धरला, तेव्हा कधीतरी मॅडमने स्वतः फोन केला. ती बिचारी अवघडून बोलत होती. "ताई, दुसरं काम द्या असं मी लिहिलं होतं. पण ती आमच्याकडून शिफारस असते. सक्ती फक्त धोक्याच्या जागेवरून काढण्याची असते." मी विचारलं, "म्हणजे मारायचं नाही एवढंच बघता, जगायचं कसं ते नाही बघत?" मला तिला आणखी चार शब्द सुनवायचे होते, पण पंख्याचं आठवलं आणि मी फोन ठेवला.

फॅक्टरीला त्या तपासणीत चांगले मार्क मिळाले. सगळ्यांना पेढे वाटले. मलाही एक मिळाला, कारण माझं काम चालू होतं. दिराने ते काढून घेतलं नाही, आपण माणुसकी सोडली नाही असं तो चारचौघांत सांगत फिरायचा. पेढा मी खाल्ला. भूक लागली होती.

एका पगारात खोलीचं भाडं झेपेना, म्हणून आम्ही वाडीवरच्या घरी परतलो आणि मी तिथूनच एसटीने कामाला जायला लागले. पुढच्या गावकीत ह्यांना उभं केलं. हे म्हणाले, "मी एक शबुद बोललो नाय. नारलावर हात माजा होता, तिचा नव्हता." मला पायऱ्यांवर ऐकू आलं आणि वाटलं, शाब्बास. पण चुलते म्हणाले, "घराचा हात एकच." आणि आमचं घर वाळीत टाकलं. आमच्याकडे कोणी यायचं नाही, आम्हाला कोणी बोलवायचं नाही, पाणी नाही, विस्तव नाही. असं करणाऱ्यांवर कायदा आहे म्हणतात. असेल. पोलीस ठाण्यात जाऊन नाव कोणाचं घेऊ? ज्यांच्या पाया पडून मी या घरात आले त्यांचंच घ्यायला लागलं असतं.

शिमग्याला मी तरी वेड्यासारखी तयारी केली. देवीची पालखी घरोघर येते, दारात नाचते, मग बाई ओटी भरते. देवी तर गावकीची नाही, तिला कोण अडवणार, असं मला वाटत होतं. अंगण सारवलं, रांगोळी काढली, खण आणि तांदूळ ताटात घेऊन उभी राहिले. हे उंबऱ्याला टेकून बसले होते, डोक्यावर टोपी घालून. ढोल शेजारच्या घरी वाजला. पालखी तिथून निघाली आणि आमचं अंगण सोडून खालच्या घराकडे वळली. पालखीचा दांडा ज्यांच्या खांद्यावर होता ती सगळी ड्रायरची माणसं. त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. मला रडू आलं नाही, राग आला. हे मात्र लहान पोरासारखे रडले. इतकी वर्षं संसार केला, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "तुज्यामुला झाला." मी विचारलं, "आणि तुमचा दम? तोही माझ्यामुळं गेला?" ते म्हणाले, "तो जानारच होता."

त्यानंतर खोकला फारच वाढला. मी त्यांना जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिला.

"काका, काम काय करत होता?" त्याने विचारलं. "रंगाची, केमिकलची पावडर नाकातोंडात जायची का? फोटोवरून मला तसं वाटतंय. तसं असेल तर मी तसं लिहितो. मग उपचाराची जबाबदारी कंपनीवर टाकता येते. मोठ्या दवाखान्यात पाठवता येतं."

कोणीतरी एकदाचं नेमकं विचारलं होतं. आता फक्त ह्यांनी तोंड उघडायचं होतं.

हे म्हणाले, "शेती."

डॉक्टरने परत विचारलं. हे म्हणाले, "शेतीच करतो. राब भाजतो दरवर्साला, पाला, शेन, गवात. त्याचा धूर जातो छातीत."

"खोटं आहे!" मी म्हटलं. "डॉक्टर, हे ड्रायरला होते, निळी पावडर थुंकायचे, मी उशा धुतल्यात—"

"ती हाय फॅक्टरीत," हे शांतपणे म्हणाले. "पॅकिंगला. तिला वाटतो तसा. मी शेतकरी मानूस."

डॉक्टरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "काका, नक्की?"

"नक्की."

"ताई, पेशंट सांगेल तेच मला लिहावं लागतं," डॉक्टर म्हणाला आणि त्याने शेती लिहिलं.

बाहेर बाकावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. लोक बघत होते, मला पर्वा नव्हती. "एका शब्दावर होतं सगळं! एक शब्द बोलला असतात तर औषधपाणी मिळालं असतं. कोणाची भीती धरलीत? आता काय राहिलंय आपल्याकडून काढून घ्यायला?"

ते दम येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "धाकला भाव आलता काल, तू कामाला गेल्यावर. बोलला, पुन्ना कुठं फॅक्टरीचा नाव घेतला नाय तर गावकी आपल्याला परत घेल."

"घेऊन काय करणार आहेत?"

"मी काय आता जगत नाय गो," ते म्हणाले. "माला न्यायला चार मानसा नकोत? तू एकटी उचलशील?"

पोलादपूरची एसटी येईपर्यंत मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेले. सगळी वाडी आली. मुंबईचं मंडळसुद्धा गाडी करून आलं. चुलत्यांनी स्वतः बांबू तोडून आणले, आणि पुढचा खांदा दिराने दिला. ड्रायरच्या सगळ्या माणसांना एकदम सुट्टी मिळाली. त्या दिवशी ड्रायर बंद ठेवला होता, असं मला नंतर पॅकिंगच्या बायकांनी सांगितलं.